बारा तारखेचा पाऊस

शेवंता घरात शिरली ती चपला न काढता.

पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रेल्वे कॉलनीत दोघींच्या वडिलांचे क्वार्टर एका भिंतीचे होते. परकर नेसायच्या वयापासून त्या एकमेकींच्या चुलीपर्यंत जात, पण चपला मात्र बाहेर राहायच्या. पुढे शेवंताचं लग्न झालं, सुनीतीचं झालं नाही. वडील रिटायर झाले, क्वार्टर गेले आणि दोघी पुरानी बस्तीतल्या एकाच गल्लीत राहायला आल्या, तेव्हाही ती रीत तशीच राहिली. म्हणून सुनीतीने आधी चपलांकडे पाहिलं आणि मग शेवंताच्या हातातल्या कागदाकडे.

"ही सही तुझी हाय का?"

सुनीतीने चष्मा लावला. कागद तिच्याच कचेरीचा होता. वेधशाळेचं प्रमाणपत्र. दिनांक १२ मई २००३, रायपूर, दर्ज वर्षा : निरंक. खाली तिची सरळ, सुटी सुटी अक्षरं असलेली सही. सु. रामटेके.

"माझीच हाय. काहून?"

"काहून म्हणते!" शेवंता भिंतीला टेकली. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच सुनीतीला भीती वाटली. "या कागदानं माझा पोट्टा दारुडा ठरला, बाई."

तारीख सुनीतीच्या डोळ्यांपुढे एकदम मोठी झाली. बारा मे. गौतम गेला तो दिवस.

गौतम हा शेवंताचा एकुलता एक. सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात तो ठेकेदाराकडून शेडवर पत्रे ठोकायला लागला होता. पावणेदोन वर्षांपूर्वी, बारा मेच्या दुपारी, तो त्या शेडवरून पत्र्यासकट खाली आला. बाहेर अंधड, म्हणजे धुळीचं वादळ, सुटलं होतं. त्याच्यासोबत वर चढलेले दोघे बिलासपूरकडचे मजूर होते, ते आठवड्याच्या आत कुठे गेले ते कोणाला कळलं नाही. कारखान्याने आपल्या कागदावर लिहिलं, 'साफ मौसम में, नशे की हालत में, अपनी लापरवाही से.' शेवंताने त्यांनी देऊ केलेलं काही घेतलं नाही. तिला ती ओळ खोडून हवी होती, एवढंच. तेव्हापासून ती आणि तिचा भाऊ धर्मपाल श्रम कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते. आता कुठे चौकशी लागली होती, आणि समोरच्या पार्टीचे कागद त्यांना पाहायला मिळाले होते.

"साफ मौसम!" शेवंता म्हणाली. "त्या दिवशी आपल्या पाऱ्यात, या वस्तीत, तीन घरचे पत्रे उडाले. शीतला मंदिराजवळचा पिंपळ पडला. पेपरात फोटो आला, तो धर्मपालनं कापून ठेवला. साहेब म्हणते, पेपर का कटिंग नहीं चलेगा, सरकारी कागज लाओ. अन् सरकारी कागद आला त तो तुझा. पाऊस नाही म्हणून."

"शेवंता, अगं हा कागद खोटा नाही."

हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच ते चुकीच्या जागी पडलं हे सुनीतीला कळलं. पण निघालं होतं.

"खोटा नाही?" शेवंताने कागद तिच्यापुढे धरला.

सुनीतीने मग सांगायला घेतलं. वेधशाळेत पाऊस मोजायचा तो रोज सकाळी साडेआठला. पर्जन्यमापकातली बाटली काढायची, पाणी काचेच्या नळीत ओतायचं, आकडा बघायचा, आणि गेल्या चोवीस तासांत जे काही पडलं ते सगळं आजच्या तारखेला लिहायचं. बारा मेच्या सकाळी साडेआठला बाटली कोरडी होती, म्हणून बाराला निरंक. बाराच्या दुपारी जो कोसळला तो मोजला गेला तेराच्या सकाळी. एकतीस पूर्णांक चार मिलिमीटर. तो तेरा तारखेला लिहिला आहे. देशभर असंच लिहितात. इंग्रजांपासून असंच चालत आलं आहे.

शेवंताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझा पोट्टा बाराले मेला अन् त्याचं वादळ तेराले आलं."

"तसं नाही गं."

"मले कळलं तसं सांगितलं. साहेबलेही तसंच कळंल." तिने कागदाची घडी केली. "गुरुवारी तारीख हाय. धर्मपाल येईल तुझ्याकडे."

ती गेल्यावर सुनीती फरशीवरचे चपलांचे ठसे बघत बसली. फेब्रुवारीचा महिना होता आणि बाहेर नुसती धूळ होती. पूर्वी या गल्लीत धूळ असायची ती पिवळी, आता काळी. सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्यांची. वेधशाळेतल्या पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यातही तीच बसायची आणि सुनीती ती रोज फडक्याने पुसून काढायची. पाण्यात मिसळली तर आकडा बदलत नाही, पण तिला ते आवडत नसे.

*

सुनीती १९६७ साली वेधशाळेत लागली. तेव्हा रायपूर म्हणजे तलावांचं गाव होतं. उन्हाळ्यात लोक गच्चीवर निजायचे, धमतरीची छोटी गाडी शिट्टी मारत शहराच्या मधून जायची, आणि वेधशाळा एका मोकळ्या माळावर होती. तिथे उभं राहिलं की चारी दिशांना आभाळ जमिनीला टेकलेलं दिसायचं. नोकरीतले तिचे पहिले साहेब पांडुरंगराव म्हणून होते, नागपूरचे. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बाहेर आवारात नेलं आणि म्हणाले, "अंदाज वरून येतो, तो आपला नाही. काय घडलं ते लिहायचं, हे आपलं. अंदाज चुकला तर सगळं गाव हसेल. नोंद चुकली तर कोणाला कळणारसुद्धा नाही. म्हणूनच ती चुकवायची नाही."

तिने चुकवली नाही. आणि त्यासोबत एक गोष्ट स्वतःहून सुरू केली, जी तिला कोणी सांगितली नव्हती. तिने घरी एक वही ठेवली. डाव्या पानावर नागपूरहून येणारा अंदाज, उजव्या पानावर प्रत्यक्ष काय झालं ते, आणि त्याच्यापुढे 'बरोबर' किंवा 'चूक'. वर्ष संपलं की बेरीज. साधारण दहांत सहा बरोबर निघत. चांगल्या वर्षी सात. वर्षाला एक अशा अडतीस वह्या तिच्या लोखंडी पेटीत होत्या.

कॉलनीतल्या बायकांना त्या वहीचं भारी कौतुक. डाळीची बडी वाळत घालायच्या आधी, गाद्या उन्हात टाकायच्या आधी, मुलीच्या लग्नाचा मांडव दारात टाकायचा की शाळेत, हे ठरवायच्या आधी बायका सुनीतीच्या दाराशी यायच्या. शेवंता त्यांच्यात सगळ्यात तोंडाळ. "तुझं खातं अन् माझा नवरा सारखेच," ती म्हणायची, "येतो म्हणते तेव्हा येत नाही, अन् येते तेव्हा सांगून येत नाही." सगळ्या हसायच्या. सुनीतीही हसायची. पण रात्री वहीत बेरीज करताना एखादं 'बरोबर' जास्त निघालं तर तिला आत कुठेतरी बरं वाटायचं, जसं काही तो अंदाज तिनेच केला होता.

मग वेगळं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं. जुन्या इस्पितळात मंत्रालय आलं, शंकर नगरात बंगल्यांच्या फाटकांवर पोलीस उभे राहिले, आणि वेधशाळेच्या माळाला चारी बाजूंनी कॉलन्या येऊन भिडल्या. पश्चिमेला एक चार मजली इमारत अशी उभी राहिली की तिकडून येणारा वारा आता आधी त्या इमारतीला विचारून येई. पेपरवाले रोज संध्याकाळी फोन करू लागले, 'राजधानी का मौसम बताइये.' अंदाज चुकला की दुसऱ्या दिवशी चौकटीत थट्टा.

आणि प्रमाणपत्रं. पूर्वी महिन्याला दोन-तीन अर्ज यायचे, आता चाळीस यायला लागले. रस्त्याच्या ठेकेदाराला पावसामुळे काम अडलं हे दाखवायचं असे, विमा कंपनीला पाऊस पडलाच नाही हे दाखवायचं असे. जुना फॉर्म लांबलचक होता, त्याच्या तळाला बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असायची, की वर्षा ही त्या तारखेच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची समजावी. काम वाढलं म्हणून नवा फॉर्म आला, अर्ध्या पानाचा, सुटसुटीत. ती ओळ त्यात नव्हती. सुनीती एकदा साहेबांना म्हणाली होती, "सर, वो नीचे की लाइन रह गई." साहेब म्हणाले, "मॅडम, वो लाइन आज तक किसी ने पढी है?" ते खरंच होतं. ती पुढे काही बोलली नाही.

शंकर नगरातल्या कुठल्याशा कंपनीच्या नावाने तो अर्ज आला होता. १२ मई २००३ को दर्ज वर्षा. तारीख पाहून तिचा हात थांबला होता, हे तिला आता पक्कं आठवलं. गौतमचा दिवस, असं तिच्या मनात आलंही होतं. पण असेल कोणी ठेकेदार, असं म्हणून तिने रजिस्टर उघडलं, बारा तारखेची ओळ पाहिली आणि जे तिथे होतं ते लिहिलं. निरंक. शिक्का मारला.

*

त्या बारा तारखेची सकाळ तर तिला कोणी आठवून द्यायची गरज नव्हती.

गौतम कामावर जाताना रोज तिच्याकडे थांबायचा. आईकडे चहा घेतलेला असला तरी इथे पुन्हा घ्यायचा, उभ्या उभ्या. "मावशी, आज काय म्हणून राह्यला तुझा नागपूरवाला?"

"दुपारनंतर अंधड हाय म्हणे. गरजून येईल. वर चढू नको आज."

"मी चढत नाही, सुपरवायझर चढवते."

"मग त्याले सांग ना, माझं नाव घेऊन सांग. वेधशाळेतल्या बाईनं सांगितलं म्हणा."

तो हसला. बशीतला चहा एका घोटात संपवून म्हणाला, "तुझं नाव सांगितलं त तो म्हणेल, उस दीदी का मौसम कब सही निकला है. पंधरा दिवसांत तीनदा चुकलं, मावशी. मी मोजून राह्यलो."

तो दारू प्यायचा का? प्यायचा. शनिवारी, पगाराच्या दिवशी, मित्रांसोबत. गल्लीला ते ठाऊक होतं. त्या सोमवारी सकाळी त्याच्या तोंडाला चहाशिवाय कशाचा वास नव्हता, हे सुनीतीला ठाऊक होतं.

आणि दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ती वेधशाळेच्या व्हरांड्यात उभी होती. पश्चिमेकडून धुळीची भिंत आली, इमारतीच्या वरून, दोन्ही बाजूंनी. वाऱ्याची सुई उडाली. पासष्ट, सत्तर, अठ्ठ्याहत्तर. आणि सुनीती, सत्तावन्न वर्षांची बाई, टाळी वाजवून शिपायाला म्हणाली, "देखा? आया ना! बोला था ना नागपूर ने!" पंधरा दिवसांच्या थट्टेनंतर अंदाज खरा ठरला होता, अगदी तासाला तास लागून. तिने सगळ्यांसाठी चहा मागवला होता.

ते ती कोणाला कधी बोलली नाही. शेवंताला तर नाहीच.

*

शेवंता कागद घेऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुनीती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांचं नाव रामकृष्ण, माणूस वाईट नव्हता. वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान. त्यांनी प्रमाणपत्राची प्रत काढून रजिस्टरशी ताडून पाहिली.

"मॅडम, इसमें तो कुछ गलत नहीं है. सही चीज को मैं सुधारूँ कैसे?"

"सर, सुधारो मत. दूसरा दे दो. तेरह तारीख का. और आँधी का टाइम लिख दो."

तेराचा नुसता आकडा दिला तर पाऊस बाराच्या दुपारचा हे कळलं नसतं, त्याला वेळेची नोंद हवी होती. तासातासाच्या नोंदींची वही आणि वाऱ्याचा आलेख महिना संपला की वर नागपूरला जायचे. तिथून उतारा मागवायचा तर पार्टीचा अर्ज हवा, वरची मंजुरी हवी, म्हणजे दोन महिने. गुरुवार तीन दिवसांवर होता. साहेबांनी ते सगळं शांतपणे सांगितलं आणि मग आवाज खाली केला.

"आप छुट्टी लेके जाइये, मैं नहीं रोकूँगा. समझाइये उनको. बस एक बात. गलती हुई, ये शब्द मुँह से मत निकालना. सर्टिफिकेट गलत निकला तो इन्क्वायरी बैठेगी, और आपके पाँच महीने बचे हैं. पेन्शन लटक जाती है, मैंने देखा है."

संध्याकाळी धर्मपाल आला. आयुष्यभर रेल्वेच्या युनियनमध्ये काढलेला माणूस, कचेऱ्यांच्या खोल्या त्याने फार पाहिल्या होत्या. त्याने चहाचा कप बाजूला ठेवला आणि समोर बसला.

"दीदी, तुमचं ते साडेआठचं मले कळलं. साहेबले नाही कळणार. त्याच्याकडे दिवसाले वीस केस असते. तुम्ही फक्त एवढं बोला, लिखने में गलती हो गई. बस. तो कागद कॅन्सल होते, नवा मागवते, आपल्याले दोन महिने भेटते. मग नागपूरचा कागद येते अन् केस आपली."

"पण चूक झाली नाही ना, धर्मपाल."

"मले ठाऊक हाय."

"मग खोटं बोलू?"

धर्मपालने कप आणखी लांब सारला. "ते लोकं आपल्या पोट्ट्याले दारुडा म्हणून राह्यले, ते खरं बोलून राह्यले का?" तो उठला. "रात्री विचार करा. तुमच्या त्या वह्या हाय ना, अंदाजाच्या, ती त्या सालची घेऊन या. त्याच्यात अंधडाचं लिहिलं असंल."

लिहिलं होतं. डाव्या पानावर, बारा तारखेपुढे, तिच्या अक्षरात : दुपारनंतर मेघगर्जनेसह वादळाची शक्यता. सुनीतीने ती वही पिशवीत घातली. तिला वाटलं, कोणाही शहाण्या माणसाला हे दाखवलं की कळेल.

*

श्रम कार्यालयातली ती खोली लांबट होती, दोन पंखे बंद आणि एक ट्यूबलाइट चालू. अधिकारी टेबलामागे, बाजूला टायपिस्ट. कारखान्याचा वकील तरणाबांड, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलायला फार गोड. तो सुनीतीला माताजी म्हणाला आणि बसायला खुर्ची पुढे केली. शेवंता भिंतीशी बाकावर होती, धर्मपाल तिच्या शेजारी.

वकिलाने प्रमाणपत्र पुढे केलं. "माताजी, ये दस्तखत आपके हैं?"

"हाँ."

"बारह मई, वर्षा निरंक. निरंक मतलब एक बूँद भी नहीं, ठीक है?"

"सुनिये सर," सुनीती वकिलाला टाळून अधिकाऱ्याकडे वळली. रात्रभर तिने ही वाक्यं हिंदीत जुळवली होती. "हमारे यहाँ बारिश सुबह साढे आठ बजे नापते हैं. जो पिछले चौबीस घंटे में गिरी, वो उस दिन की तारीख में लिखते हैं. बारह की दोपहर का पानी..."

"माताजी," वकील हसून म्हणाला, "पूरे हिंदुस्तान में तारीख रात बारह बजे बदलती है. आपके यहाँ साढे आठ बजे बदलती है?"

टायपिस्ट हसला. अधिकारीही थोडा हसला आणि मग त्याने घड्याळ पाहिलं. सदतीस वर्षं सकाळी साडेआठला, तापात, आईच्या तेराव्यालासुद्धा, ती त्या बाटलीजवळ उभी राहिली होती.

"मेरे पास रेकॉर्ड है," ती म्हणाली आणि पिशवीतून वही काढली. "ये देखिये. बारह तारीख का अनुमान. आँधी का लिखा है. कंपनी को मालूम था, रेडिओ पर भी था. मैंने खुद गौतम को..."

वकिलाने वही अदबीने दोन्ही हातांत घेतली. डावं पान वाचलं. मग बोट उजव्या पानावर नेलं, बारा तारखेच्या ओळीवर. तो जरा थांबला, आणि सुनीतीला त्या थांबण्यात सगळं दिसलं. तिने स्वतः लिहिलं होतं. उजवं पान ती सकाळी साडेआठला मोजून आल्यावर भरायची. बाराच्या सकाळी तिने अकराचा अंदाज तपासला होता. बाराचा तपासला तो तेराच्या ओळीत.

"मराठी है ना ये? माताजी, आप ही पढ दीजिये. बारह तारीख के सामने क्या लिखा है?"

"ये ग्यारह तारीख के अनुमान का..."

"पढ दीजिये बस."

"कोरडं," सुनीती म्हणाली.

"हिंदी में?"

"सूखा."

"और उसके आगे?"

"बरोबर."

"बरोबर मतलब सही." वकिलाने वही अधिकाऱ्यापुढे ठेवली. "सर, इनका अपना लिखा हुआ है. बारह तारीख, सूखा, सही."

अधिकाऱ्याने वही पाहिली, प्रमाणपत्र पाहिलं, मग सुनीतीकडे. तो दुष्ट नव्हता. उलट त्याने पेन खाली ठेवलं आणि समजुतीच्या सुरात बोलला. "देखिये बहनजी, मैं भी रायपूर का हूँ. मई में आँधी आई थी, मुझे भी याद है, तारीख याद नहीं. आप सीधा बताइये. ये सर्टिफिकेट गलत बना है क्या? गलत है तो मैं लिख देता हूँ, रद्द हो जाएगा, नया मँगवा लेंगे. गलत है या सही है?"

बाकावर धर्मपाल पुढे झुकला होता. शेवंताने पदर तोंडावर धरला होता आणि ती सुनीतीच्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी शाळेत सुनीतीला फळ्यापाशी बोलावलं की बघायची तशी.

एक शब्द. सुनीतीने तो मनात बोलूनही पाहिला. गलत. समोर कागद होता, त्यावर निरंक हा शब्द तिने लिहिलेला, एक रेघही वाकडी नसलेला. तो टायपिस्ट अजून गालातल्या गालात हसत होता. हा पोरगा घरी जाऊन सांगणार, एक बुढ्ढी आली होती, तिची तारीख साडेआठला बदलते, आणि शेवटी म्हणाली चुकलंच माझं. तिच्या मनात त्या क्षणी जे होतं ते गौतमचं दुःख नव्हतं.

"गलत नहीं है," ती म्हणाली. "सर्टिफिकेट सही है. पढनेवाले गलत पढ रहे हैं."

अधिकाऱ्याचा चेहरा बंद झाला. त्याने पेन उचललं. "लिखो," तो टायपिस्टला म्हणाला, "साक्षी ने स्वीकार किया कि प्रमाणपत्र सही है."

"सर, मेरी पूरी बात लिखिये. तेरह तारीख..."

"आपकी बात हो गई, बहनजी."

टायपिस्टची बोटं चालू लागली. वकिलाने उभं राहून तिला हात जोडले, वही परत दिली आणि खुर्ची मागे ओढून तिला वाट करून दिली.

*

निकाल त्याच दिवशी तोंडी कळला. कागद नंतर येणार होता. 'साफ मौसम में' तसंच राहिलं, आणि ते राहिलं म्हणून पुढचं 'नशे की हालत में'ही राहिलं. हवा स्वच्छ असताना धडधाकट माणूस शेडवरून पडतो त्याला दुसरं कारण काय असणार, असं अधिकाऱ्याने धर्मपालला समजावून सांगितलं. अपील करता येईल, असंही सांगितलं. धर्मपालने मान हलवली. वरच्या अपिलात हीच साक्ष जोडली जाते, हे तो जाणून होता.

बाहेर रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. धर्मपाल ऑटो शोधायला पुढे गेला. सुनीती आणि शेवंता भिंतीच्या सावलीत उभ्या राहिल्या, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

"शेवंता," सुनीती म्हणाली.

"काही बोलू नको."

"मी नागपूरचा कागद मागवते. माझ्या नावानं अर्ज करते. येईल तो."

"येऊ दे. घेऊन ठेव तुझ्या पेटीत." शेवंता समोर बघत होती. रडली नव्हती. "मी विचार करून राह्यली, काहून नाही बोलली ही. साहेबानं दार उघडून देल्लं होतं. लहान पोट्टीलेही कळलं असतं काय बोलायचं ते. मग मले धर्मपालनं सांगितलं, तुझे पाच महिने राह्यले म्हणून. तुझा साहेब बोलला असंल ना तुले? पेन्शन लटकते म्हणून?"

सुनीतीला तो आधार अचानक हाताला लागल्यासारखा वाटला. पेन्शन. एकट्या बाईला म्हातारपणी पेन्शन लागते, हे जगातल्या कोणालाही कळतं. शेवंताला सुद्धा कळलं होतं. त्याचा राग येतो, पण ते कळतं, आणि कधीतरी, पाच-सात वर्षांनी, माफही करता येतं. त्याच्या जागी जे खरं होतं ते असं होतं की खोलीतल्या त्या चार पुरुषांपुढे 'माझं चुकलं' हा शब्द तिच्या जिभेवर चढला नाही, मग तो गौतमसाठी का असेना. पेन्शन तिला त्या क्षणी आठवलीसुद्धा नव्हती. हे शेवंताला सांगितलं तर ती पुन्हा कधी तिचं तोंड पाहणार नव्हती.

"सांग ना," शेवंता म्हणाली. "पेन्शनसाठीच ना?"

"हव," सुनीती म्हणाली.

शेवंताने मान हलवली, जणू तेवढंच हवं होतं. धर्मपाल ऑटो घेऊन आला. ती चढली, पदर आवरून घेतला आणि आत सरकून सुनीतीसाठी जागा केली.